विणकराला मोतीबिंदू होत नाही

निपाणी,
७ नोव्हेंबर २०२४

आप्पांना मंथनचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरच्या अक्षरांना तुम्ही मुंग्या म्हणता, म्हणून हे पत्र. उभा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेल्या काकाशी बोलायचं तर पुतण्याला टपालखात्याशिवाय गती नाही. पत्र आधी काकूच्या हाती देऊ नका. ती वाचते, मग तुम्हाला हातवारे करून सांगते आणि त्यात निम्मं गाळते. तुमचं तुम्ही वाचा.

मला नोकरी लागली. एका नेत्रसंस्थेची पाहणी सुरू आहे. वय झाल्यावर डोळ्यांना जे रोग होतात, मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचं दुखणं, ते कोणत्या वस्तीत किती आहेत, हे बघायचं. निपाणीत विड्या वळणारे, बेळगुंदीत शेतकरी आणि शेवटी आपल्याकडं शहापूर-वडगावात विणकर. धंद्याप्रमाणं फरक पडतो का, हा प्रश्न आहे. माझं काम सोपं आहे. पन्नाशीपुढच्या माणसाचं नाव आणि वय लिहायचं, त्याला तक्त्यापासून ठरलेल्या अंतरावर उभं करायचं, एक डोळा झाकायला लावायचा. तक्त्यावर इंग्रजी E असतात, कुणाचे पाय उजवीकडं, कुणाचे खाली. पाय कुठं आहेत तेवढं सांगायचं. ज्याला दिसतं त्याला सोडायचं, दिसत नाही त्याला डॉक्टरांकडं पाठवायचं. सौम्या मॅडम आमच्या प्रमुख आहेत. धारवाडच्या. बारावी नापास असूनही मला घेतलं, कारण माझ्या अर्जात एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता.

इथली माणसं बघून मात्र मला हसावं की रडावं कळत नाही. काल राजाबाई नावाच्या बाईंकडं गेलो. मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. मी पाहणीचं सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘आमच्यात डोळ्याचं न्हाय बाबा. ते तुमच्या मागवाल्यांचं दुखणं. धाग्याकडं बघून बघून बुबुळं झिजत्यात त्यांची.’’ मग उभं केलं. सगळ्यात वरचा, तळहाताएवढा E त्यांना दिसला नाही. मला म्हणतात, ‘‘तुझा तक्ता मळलाय. धुऊन आण.’’ पोरीबाळी हसल्या. मीही हसलो, पण मला आतून चीड आली. पान कातरण्यापासून दोरा गुंडाळण्यापर्यंत त्यांचे हात आपले आपण चालतात, त्यामुळं दिसत नाही हे कळायचं कारणच पडलं नाही. आणि वर तोरा बघा!

तुमचे डोळे कसे आहेत? दिवाळीच्या पत्रात तुमच्या ओळी उजवीकडं खाली उतरत गेल्या होत्या. सहज विचारतो. रागावू नका.

मंथन

*

वडगाव, बेळगाव
१४ नोव्हेंबर

मंथ्या,

ओळी उतरल्या कारण पाटाचा एक पाय आखूड आहे. तू पाटावर बसून लिहीत नाहीस, तुला टेबल लागतं, म्हणून तुला माहीत नाही.

तुझी नोकरी काय ते कळलं. दुसऱ्याचे डोळे मोजायचे. आमच्या काळात माणसं कापड मोजायची. असो, पगार मिळतोय तर मोज.

राजाबाईबद्दल तू लिहिलंस त्यात नवल ते काय? निपाणीची हवाच तंबाखूची. वखारीसमोरून रिक्षा गेली तरी डोळ्याला धार लागते. तिथं जन्मलेला माणूस साठीपर्यंत बघू शकतो हेच आश्चर्य. तुझ्या पाहणीवाल्यांना सांग, खर्च वाचवा, निपाणीच्या वेशीवर एक पाटी लावा, ‘येथे डोळे जातात’. आणि वर ती बाई आम्हा विणकरांना नावं ठेवते! अरे, विणकराचा डोळा रोज धार लावलेला असतो. तुटलेला धागा शेजारच्या मागावर असला तरी मला आधी दिसतो. माझ्या वडिलांनी शेवटच्या दिवसापर्यंत साडीचा काठ जोडला. विणकराला मोतीबिंदू होत नाही. हे तुझ्या मॅडमना लिहून दे, शुद्धलेखनासकट.

तुझी काकू, ताराबाई, म्हणते जेवत जा. हे गाळू नका म्हणून तिनं सांगितलंय.

परशराम

*

बेळगुंदी,
२ डिसेंबर

आप्पांना नमस्कार.

आठवडाभर बेळगुंदीत आहे. इथल्या शेतकऱ्यांची मिजास निपाणीकरांपेक्षा वरचढ. बांधावर बसलेले ज्योतिबा नावाचे आजोबा मला विचारतात, ‘‘कुणाचा रं तू?’’ मी म्हटलं, वडगावच्या विणकरांचा. तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच रोग घेऊन आलोय. म्हणाले, ‘‘व्हय तर. सावलीत बसून खाणाऱ्यांचं दुखणं हे. उन्हातान्हात राबणाऱ्याला डोळ्याचं काय होतंय? हितनं रस्त्यावरची बस बेळगावची का चंदगडची सांगतो मी.’’ त्याच वेळी बस गेली. त्यांनी सांगितली बेळगावची. ती दुधाची गाडी होती.

म्हणजे बघा. निपाणीवाले म्हणतात विणकरांना होतं. बेळगुंदीवाले म्हणतात सावलीत बसणाऱ्यांना होतं. तुम्ही म्हणता तंबाखूवाल्यांना होतं. प्रत्येकाचं बोट वेशीबाहेर. मी मॅडमना विचारलं, खरं काय? त्या म्हणाल्या, ऊन, धूर, तंबाखू यांनी थोडंफार इकडंतिकडं होतं, घराण्यात काचबिंदू असेल तर जपायला लागतं, पण या सगळ्यापेक्षा मोठं कारण म्हणजे वय. आतापर्यंत दोन्ही गावांचे आकडे वयाप्रमाणं लावले तर जवळपास एकसारखे आहेत. एवढ्या माजुरड्या दोन गावांना देवानं इतकं सारखं मोजावं, याची मला मोठी गंमत वाटली.

पुढच्या पंधरवड्यात पाहणी वडगावात येईल. स्वतःच्या गल्लीत काम करायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी नसेन. दुसरी मुलं येतील. आप्पा, पाटाचं तुम्ही लिहिलंत ते मला पटलं नाही. मी तो पाट ओळखतो, त्याचे चारही पाय सारखे आहेत. तुमचे कान आधीच गेलेत. काकू बोलते ते तुम्हाला तिच्या हातांवरून कळतं, मी बोलतो ते कागदावरून. उद्या डोळे गेले तर तुमच्यापर्यंत पोचायला कुणाला वाटच उरणार नाही. नुसत्या कल्पनेनं मला झोप लागत नाही. तेवढं तक्त्यासमोर उभे राहा.

मंथन

*

वडगाव
१९ डिसेंबर

चि. मंथन,

पेढे घेऊन ये. तुझ्या संस्थेनं आमच्यापुढं नाक घासलं.

पाहणीची पोरं काल आली. मारुतीच्या देवळाच्या मंडपात तक्ता लावला. एक पोरगा तक्त्याजवळ काठी घेऊन, एक इकडं लिहायला. काठीवाला सूरज का कोण, हुबळीकडचा, मिसरूड न फुटलेला. तो विचारतोय आणि इकडं कुणालाच ऐकू येईना. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ऐकू येत असतं तर ते म्हातारे झालेच नसते. दहा वेळा ओरडून त्याचा घसा बसला. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणतो (हे ताराबाईनं मला नंतर सांगितलं), ‘‘यांना कुणीतरी समजावून सांगा हो!’’ मग काय, ताराबाई पुढं झाली. तक्त्याजवळ उभी राहिली आणि कारखान्यात सांगतात तसं हातानं सांगायला लागली. कारखान्यात मागाच्या आवाजात कोण बोलतो? सुताची कांडी संपली, धागा तुटला, मालक आला, चहा आला, सगळं हातानंच. पोरगा काठी ठेवायचा, ताराबाई हात करायची, मी उत्तर द्यायचो. वर, खाली, उजवीकडं, डावीकडं. एक चूक नाही! खालची बारीक ओळसुद्धा. माझ्यामागून शेजारचा भरमू, त्याच्यामागून सगळी गल्ली. तो पोरगा तोंडात बोट घालून बघत राहिला. ताराबाईनं हातानं सांगितलं, तो म्हणतोय, ‘‘असे डोळे मी कुठंच बघितले नाहीत.’’ मी म्हटलं, बाळ, कुठं बघणार? निपाणीत?

आता कळलं? आकडा आकडा करत होतास ना, घे आकडा. त्या दूधगाडीवाल्या शेतकऱ्याला आणि मळक्या तक्त्याच्या बाईला माझा निरोप सांग. आणि पाटाचा एक पाय आखूडच आहे. तू कधी नीट बसला होतास त्यावर?

परशराम

*

निपाणी
२६ डिसेंबर

आप्पांना,

तुमचं पत्र यायच्या आधी दोन दिवस मी छाती काढून हिंडत होतो. सौम्या मॅडमनी वडगावचे आकडे बघितले आणि मला बोलावून विचारलं, ‘‘मंथन, तुमच्या लोकांचे डोळे कशाचे केलेत?’’ ऐंशीच्या म्हाताऱ्यांनासुद्धा शेवटची ओळ दिसते म्हणून त्या चकित. मी कशाला लाजू? मीही म्हटलं, विणकरांचा डोळा तयार असतो, मॅडम. राजाबाईंच्या दारावरून जाताना मुद्दाम सावकाश चाललो.

मग तुमचं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा ‘ताराबाई हात करायची’ इथं अडलो.

आप्पा, काकू तुम्हाला काय सांगत होती? पोरानं काठी E वर ठेवली की काकूचा हात कुठल्या बाजूला जात होता? प्रश्न सांगायला एकच खूण पुरते, ‘पाय कुठं ते सांग’. ती एकदा करून काकूनं बाजूला व्हायला हवं होतं. ती प्रत्येक E ला हात करत होती, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ती उत्तर सांगत होती. तुम्ही E बघितलाच नाही. तुम्ही काकूचा हात बघितलात आणि तोंडानं बोललात. आणि भरमूकाकांनाही काकूनंच खूण केली असणार, पुढच्यालाही. सगळी गल्ली अशीच पार पडली. त्या गरीब सूरजला वाटलं, बहिऱ्यांना प्रश्न समजावताहेत.

तुम्हाला यात काही वाईट केलं असं वाटतच नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. कारखान्यात एकानं बघायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, ही तुमची सवय. पण डोळे उसने मिळत नाहीत. राजाबाई निदान स्वतःच्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी तक्त्याला मळका म्हणाल्या. ज्योतिबा आजोबांनी गाडी स्वतःच्या डोळ्यांनीच चुकीची ओळखली. तुमच्या गल्लीनं तेवढासुद्धा प्रामाणिकपणा दाखवला नाही, आणि नाक मात्र सगळ्यांत वर. मला लाज वाटते.

मी मॅडमना सगळं सांगितलं आहे. वडगावची पाहणी पुन्हा होईल.

मंथन

*

वडगाव
३ जानेवारी २०२५

मंथन,

ह्ये तुज्या काकूनं लिव्हलंय. मी चौथीपतूर शिकल्येय तवा चुका काढत बसू नगंस.

गल्लीत तोंड काढायची सोय ठेवली न्हाईस. भरमूची बायको नळावर माज्याकडं पाठ करून हुबी ऱ्हाती. म्हनती तुमच्या पुतन्यानं समद्यास्नी आंधळं ठरिवलं. लई शाना झालास. परीक्षेत नापास झालास तवा तुला कुनी हात करून सांगितलं आसतं तर तुजं भलं झालं आसतं.

आन् मी तुज्या आप्पाला सांगितलं त्यात माजं काय चुकलं? ह्या घरात त्येला सगळं मीच सांगत्ये. दारात कोन आलंय ते मी सांगत्ये. गेल्या साली त्येनं निळ्या काठात काळी कांडी लावली, चार बोटं विनून झाल्यावर माज्या ध्यानात आलं. तवापासनं कांड्या मी निवडून हातात देत्ये. निळी कुठली, काळी कुठली, त्येला विचारायची पाळी येत न्हाई. मालकाला ठावं न्हाई. कुनालाच ठावं न्हाई. संसार आसाच चालतुया बाबा. तुला बायकू आली की कळंल, आली तर.

ह्ये वाचून फाडून टाक. त्येला सांगू नगंस मी लिव्हलं म्हनून.

तारा

*

निपाणी
२० फेब्रुवारी

आप्पांना,

परवा तुम्ही दवाखान्यातून उठून चालते झालात. डॉक्टर कागदावर लिहून देत होते, तुम्ही दोन ओळी वाचल्यात, कागद चुरगाळलात आणि बसस्टँड गाठलंत. मी मागं धावत आलो तर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यासाठी तुम्हाला निपाणीहून येऊन ओढत नेलं होतं का मी? उरलेलं इथं लिहितो. आता चुरगाळायच्या आधी वाचा.

तुमच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. तो दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेनं दिसणं खात जातो. त्या डोळ्यानं तुम्हाला आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं. गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज घातले तर उरलेलं टिकेल. डाव्या डोळ्यात नुसता मोतीबिंदू आहे, पिकलेला. त्यामुळंच तुम्हाला निळं आणि काळं एक दिसतं. तो काढता येतो. काढला तर त्या डोळ्यानं तुम्ही पुन्हा वाचाल.

म्हणजे एक डोळा वाचवता येतो, आणि तो वाचवायला तुम्ही नको म्हणता. डॉक्टरांनी कारण विचारलं तर काकूच्या हातावरून वाचून तुम्ही म्हणालात, ‘‘असल्या पोरकट डॉक्टरांच्या हाती मी देवळातली घंटासुद्धा देणार नाही.’’ सगळे हसले. मी नाही हसलो. मला दिसलं की बोलताना तुम्ही काकूचा पदर मुठीत धरला होता.

आप्पा, तुम्ही निपाणीला हसलात, बेळगुंदीला हसलात, सूरजला हसलात, माझ्या नोकरीला हसलात. या सगळ्यांत भित्रे तुम्हीच निघालात. राजाबाईंचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. त्या आता आमच्या तक्त्यावरची खालून तिसरी ओळ वाचतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, वडगावचा तो शहाणा काय म्हणतोय?

मंथन

*

वडगाव
९ मार्च

मंथन,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तू पुतण्या आहेस, डोंगराएवढा झालास तरी. मला भित्रा म्हणतोस. तुझ्या वयात मी धावत्या धोट्यानं बोट फाटलं तरी माग थांबवला नव्हता.

पण तू मला राजाबाईशी तोललंस म्हणून लिहितो. तिला कान आहेत. तिच्या डोळ्याला पट्टी बांधली तेव्हा तिच्या सुनेनं हाक मारली असेल, चहा ठेवलाय म्हणाली असेल, बाहेर कुत्रं भुंकलं असेल. ती आंधळी होती, पण घरात होती. माझ्या चांगल्या डोळ्याला पट्टी बांधली की उरतो तो नळीचा डोळा. त्यातून मला ताराबाईचा एक हात दिसेल तर दुसरा दिसणार नाही. आणि ऑपरेशन फसलं तर? तेवढंही नाही. कुणी बोललं तर कळणार नाही, कुणी खूण केली तर कळणार नाही. मला मेलेला समजून माणसं माझ्यासमोर जेवतील. तू कधी कारखान्यात वीज गेल्यावर उभा राहिलायस? सगळे माग एकदम थांबतात आणि अंधार होतो. मला त्यात पायाला कळणारा मागांचा हादरा आणि उजेड दोन्ही एकदम गेल्यासारखं होतं. मग कुणीतरी मेणबत्ती लावतं. मेणबत्ती लावायला कुणी आलंच नाही तर?

म्हणून अर्धं दिसतंय त्यात मी भागवतो. आता काय म्हणायचं ते म्हण. तू म्हणशीलच, तुला शब्द बरोबर येतात.

परशराम

*

निपाणी
१३ मार्च

आप्पांना,

मागचं पत्र मी घाईत टाकलं. तुमचं वाचलं.

माझं म्हणणं एवढंच. पट्टी बांधायच्या आधी तुमचा उजवा हात मी धरीन आणि सोडणार नाही. तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढीन. तुम्हाला अक्षरं येतात, अंधारातही येतील. काकू कुठं आहे, डॉक्टर काय म्हणाले, चहा आला का, सगळं लिहीन. तुम्हाला कळलं की तुम्ही माझं बोट दाबायचं. कळलं नाही तर शिवी द्या, ती मला ऐकू येते.

तारीख घेतली आहे. नाही म्हणायचं असेल तर लवकर कळवा, दुसऱ्या कुणाला ती देता येईल.

मंथन

*

वडगाव
२७ एप्रिल

मंथन,

पट्टी निघून महिना झाला, काळा चष्माही गेला. आता स्वतःच्या डोळ्यानं लिहितोय. ओळी सरळ आहेत का बघ. पाट तोच आहे.

आधी तक्रारी. घराच्या भिंतीला तीन वर्षांपूर्वी आकाशी रंग दिला होता म्हणे. मी तो पांढरा समजत होतो. भयंकर आहे. निळ्याकडं तर बघवत नाही, एवढा ओरडतो. ताराबाईचे केस पांढरे झालेत आणि तिच्या गालांवर जाळं पडलंय. ही बातमी मला कुणीही कळवली नाही. आणि मालकाच्या दुकानात मी गेल्या दोन वर्षांत विणलेल्या साड्या बघून आलो. कांड्या ताराबाईनं बरोबर दिल्या होत्या, पण पदराच्या कडेला माझी वीण सैल पडलीय. कुण्या गिऱ्हाइकानं तोंड उघडलं नाही. म्हणजे तुझ्या मॅडमना सांग, गिऱ्हाइकांची पाहणी करा.

त्या दिवशी तू माझ्या हातावर केलेला छळ मी विसरलेलो नाही. माणूस घाबरून गारठलाय, त्याला ‘काकू इथेच आहे’ एवढं कळलं तरी पुरे. तू ‘थेच’ची मात्रा मनगटापर्यंत ओढलीस आणि ‘आणि’मधला ‘णि’ ऱ्हस्व आहे म्हणून तळहातावर दोनदा गिरवलास. अनुस्वार आला की नख टोचायचास. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं असेल, काका-पुतण्या भांडताहेत. असला मास्तर वर्गात असता तर मी शाळा सोडली नसती, मास्तरलाच शाळा सोडायला लावली असती. हात अजून तिथं दुखतो. दुखू दे.

आता मुख्य. पाहणी परवा पुन्हा झाली. तुझ्या मॅडम स्वतः आल्या होत्या. या वेळी खोलीत एकेकाला. बहिऱ्यांना समजावायला कुणीतरी लागणार, आणि त्यांनी मलाच उभं केलं. कागदावर लिहून दिलं, ‘‘तुम्ही फक्त प्रश्न सांगायचा, परशरामअण्णा.’’ एकदाच खूण करायची आणि हात काखेत.

भरमू आला. त्याला वरची ओळ दिसेना. माझ्याकडं बघायला लागला, मग भुवया उडवायला लागला, मग डोळ्यानं विनवायला लागला. मी छपराकडं बघितलं. बाहेर जाताना म्हणाला, ‘‘तुझा डोळा नीट झाला आणि काळीज गेलं, पशा.’’ त्यानं ओठ एवढे हलवून म्हटलं की मला ते वाचता आलं. मी म्हटलं, तुझ्या काळजाची पाहणी पुढच्या वर्षी. गल्लीतल्या वाघांचं असं एकेक करून मांजर झालं. मॅडमनी संध्याकाळी आकडे जुळवले. वडगाव, निपाणी, बेळगुंदी, तिन्ही एका पंगतीत. म्हणजे तंबाखूवाल्यांसारखेच आम्ही. हे मला अजून पचलेलं नाही.

शेवटी ताराबाई आली. मला वाटलं होतं, ही येईल, बघेल, जाईल. तिनं डोळा झाकला. सूरजनं काठी ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलं. माझे हात काखेत. तिला वाटलं मी विसरलो, म्हणून तिनं दुसऱ्या हातानं मला खूण केली, ‘सांग की’. मंथन, एवढ्या वर्षांत तिनं विचारलंय आणि मी सांगितलं नाही असं झालेलं नाही. मी हात बाहेर काढले नाहीत. मग ती तक्त्याकडं बघत राहिली. अंदाजानं दोनदा बोलली. दोन्ही चुकलं. मला कांड्या निवडून देणारी ही बाई! निळ्या-काळ्याची ओळख तिला अजून आहे, पण लांबचं सगळं धूसर.

घरापर्यंत ती माझ्यापुढं चालली. हात पदराखाली. घरात आल्यावरही हात पदराखाली. बहिऱ्याच्या बायकोनं हात झाकले की त्यानं कुठं जायचं? मी चूल पेटवली, चहा केला, तिच्यासमोर ठेवला. तिनं घेतला नाही. मी म्हटलं, मी तुझ्यापेक्षा जास्त घाबरलो होतो, मंथ्यानं हातावर लिहिलं तेव्हा कुठं दम आला. तुझ्या हातावर मी लिहीन. तुला ऐकूही येतं, तुला लिहायची गरज नाही, तरी लिहीन.

तेव्हा तिनं एक हात बाहेर काढला. पहिल्यांदा एक शिवी. ती मी इथं लिहीत नाही, तुला असल्या शब्दांचं शुद्धलेखन येणार नाही. मग चहाची कपबशी माझ्याकडं ढकलली, गार झालाय म्हणून. मग तिनं बोटं अशी फिरवली.

‘कधी?’

तारीख घे.

परशराम